भागूबाई बाहेर आलीच नाही

आमच्या गल्लीत शिवणकाम करणाऱ्या एक मावशी आहेत. त्यांना सगळे पाठीमागे भित्री भागूबाई म्हणतात. तोंडावर कोणी म्हणत नाही, पण त्यांना ते ठाऊक आहे. एकदा माझ्या मुलीनेच त्यांना विचारलं, "मावशी, भागूबाई म्हणजे तुम्हीच ना?" मला कुठे तोंड लपवू असं झालं. मावशींनी तोंडात धरलेली टाचणी काढून उशीत खोचली आणि शांतपणे म्हणाल्या, "हो गं बाई. नाव अगदी मापाने बसलंय."

त्यांचं घर म्हणजे रस्त्यालगतची एक खोली आणि मागे स्वयंपाकघर. पुढच्या खोलीत कापड कापायचं लांब टेबल, त्याच्या चारी बाजूंनी जमिनीपर्यंत सोडलेली जुनी चादर, चादरीआड चिंध्यांची पोती. कुठलाही शिंपी मशीन उजेडाला, खिडकीशी लावतो. मावशींचं मशीन आतल्या भिंतीला, दाराकडे तोंड करून. कपडे घालून बघायचा आरसा खिडकीसमोरच्या भिंतीवर, पण एका बाजूला पुठ्ठ्याची घडी घालून असा तिरका केलेला की गिऱ्हाइकाला स्वतःऐवजी बाहेरची गल्ली दिसावी. बायका वैतागायच्या. "मावशी, या आरशात माझा गळा दिसतच नाही, सगळा रस्ता दिसतो."

"तुझा गळा काय तुला नवा आहे? रस्त्याने कोण येईल ते कळायला नको?"

त्यांना कुत्र्याची भीती, शिडीची भीती, अनोळखी नंबरवरून आलेल्या फोनची भीती. असा फोन आला की तो उशीखाली दाबून ठेवायच्या, वाजून वाजून गप्प होईपर्यंत. दार वाजलं तर नुसत्या आवाजावर उघडायचं नाही. खिडकीसमोर येऊन चेहरा दाखवायचा, मगच कडी निघणार. पावसात भिजत उभी असताना मी एकदा चिडले होते. "मावशी, माझा आवाज ओळखत नाही का तुम्ही?" तर म्हणाल्या, "आवाज कोणीही काढतं."

ते का, हे त्यांनी मला फार नंतर, एका पडद्याची किनार दुमडता दुमडता सांगितलं. लग्न होऊन त्या आल्या तेव्हा यजमान मालट्रक चालवायचे, घर गावाबाहेर, शेजार नाही. यजमान दूरच्या फेरीवर असताना कोणीतरी दार वाजवलं. "वहिनी, तुमच्या माणसाचा अपघात झालाय, लगेच चला," म्हणाला. मावशींनी उघडलं नाही. तो बराच वेळ बोलत राहिला. आधी गोड, मग रडवेला, मग शिव्या. पुढे यजमान धडधाकट परत आले. अपघात वगैरे काही नव्हताच. पण बऱ्याच वर्षांनी ते खरंच दवाखान्यात अत्यवस्थ होते, आणि तसं सांगायला माणूस आला तेव्हाही यांनी दार उघडलं नाही. दीर येऊन खिडकीशी उभे राहीपर्यंत उघडलं नाही. "शेवटचं बघणं राहून गेलं," एवढंच म्हणाल्या आणि दोरा ओवायला सुई उजेडाला धरली. दीर अजूनही त्यांच्याशी बोलत नाहीत.

अशा बाईकडे मी माझी मुलगी ठेवत होते. लोक हसायचे. "अहो, भागूबाईकडे पोर ठेवता? तीही अशीच भित्री निघेल!" निघू दे. मी एका प्रयोगशाळेत रक्ताचे नमुने तपासते, घरी यायला दिवेलागण होते. नवऱ्याची पाळी बदलती. टिल्ली (मुलीला घरात आणि गल्लीत सगळे टिल्लीच म्हणतात) आठ वर्षांची आहे. शाळेची गाडी तिला मावशींच्या दाराशी सोडते, मावशी कडी काढतात, पोर आत घेतात, कडी लावतात. प्रयोगशाळेत बसून मी त्या कडीचा आवाज मनातल्या मनात ऐकायचे आणि मगच माझं कामात लक्ष लागायचं.

मग गल्लीत चोऱ्या सुरू झाल्या.

पहिल्यांदा सायकल गेली. मग कोणाच्या तरी ओट्यावरचा गॅसचा सिलिंडर. तोवर आम्ही थट्टा करत होतो, चोराच्या घरी पाहुणे आले असतील, चहाला गॅस कमी पडला असेल. नंतर एका दुपारी गणिताचे सर बाहेर गेले असताना त्यांच्या मागच्या दाराने माणूस शिरला. तोंडावर रुमाल. सरांची बायको, म्हणजे आमच्या काकू, घरातच होत्या. त्या आडव्या आल्या म्हणून त्याने त्यांना ढकललं, आणि पडल्यावर कानातलं ओढून काढलं. मनगट मोडलं. मी बघायला गेले तेव्हा काकू पलंगावर बसून सारखं एकच सांगत होत्या, "त्याला आमचं मागचं दार कसं लागतं ते माहीत होतं गं. वरची कडी मोडकी आहे, ते त्याला माहीत होतं."

पोलीस येऊन गेले, जबाब घेतला, गस्त वाढवू म्हणाले. त्या दिवसापासून आमची गल्ली आवाजांची झाली. कड्या, साखळ्या, कुलपं. भर दुपारी दारं बंद. मुलांना ओट्यावर खेळू देत नव्हतो. मी प्रयोगशाळेतल्या फोनवरून उगाचच मावशींना फोन करायचे, आणि नंबर ओळखीचा नाही म्हणून मावशी तो उचलायच्या नाहीत, आणि मी पुन्हा लावायचे.

गल्लीची बैठक हार्डवेअरच्या दुकानात झाली. दुकानाचे मालक भाऊ, गल्लीतलं मोठं माणूस. कोणाचा नळ गळो, कोणाचं भांडण होवो, भाऊ धावून जाणार. त्यांच्याकडे त्यांचा मेहुणा राहायचा. आठ दिवसांसाठी म्हणून आला आणि वर्ष उलटलं तरी गेला नाही, म्हणून सगळे त्याला पाहुणे म्हणत. तिशीतला, हसरा, अंगात जोर असलेला. सिलिंडर वर चढवून दे, कपाट सरकवून दे, कधी नाही म्हणाला नाही. आमच्या घरातलं कपाटही त्यानेच सरकवून दिलं होतं.

भाऊंनी घरटी एक शिट्टी दिली. "शिट्ट्या माझ्याकडून फुकट," ते म्हणाले. "आणि कुलपं?" बेकरीवाल्याने विचारलं, तसा एकच हशा पिकला. कितीतरी दिवसांनी आम्ही सगळे एकत्र हसत होतो, बरं वाटलं. नियम ठरला: कोणालाही काही संशयास्पद दिसलं की शिट्टी. शिट्टी ऐकली की सगळ्यांनी हातात मिळेल ते घेऊन त्या दिशेने धावायचं.

"दार ओढून घ्यायला तरी वेळ द्या," सर म्हणाले.

"सर, तुम्ही कुलूप लावत बसलात तर तो काय तुमच्यासाठी थांबणारे?" पाहुणे म्हणाले. पुन्हा हशा.

मावशी दाराशी, बाहेरच्या पायरीवर उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "मी नाही येणार हं. आधीच सांगते. मला भीती वाटते."

"अहो, सगळे असताना कसली भीती?"

"सगळ्यांचीच."

यावर जे हसणं झालं ते वेगळं होतं. मलाही थोडं हसू आलं.

पहिली शिट्टी लगेचच वाजली. एक पार्सल पोचवणारा माणूस घर चुकून दोन दारांत डोकावला होता. मी पोचेपर्यंत तो भिंतीशी दाबलेला, ओठातून रक्त, आणि हातातलं पार्सल उंच धरून सारखा "दादा, पत्ता वाचा, पत्ता वाचा" म्हणत होता. पत्ता आमच्याच गल्लीतला होता. पाहुण्यांनी त्याची कॉलर शेवटी सोडली. मी त्याला पाणी दिलं तर पेला दातांवर वाजत होता. कोणी माफी मागितली नाही. उलट परतताना लोक उत्साहात होते, "रिस्पॉन्स चांगला आला," असं कोणीतरी म्हणालं.

मावशींच्या खिडकीसमोर चेहरा दाखवून मी आत गेले. त्यांनी विचारलं, "कोण होता?"

"पार्सलवाला."

"मारलं?"

"दोन-चार बसल्या."

त्यांनी कात्री खाली ठेवली. "मला चोरापेक्षा त्याचीच जास्त भीती वाटते. चोराला निदान घाई असते."

दुसऱ्यांदा मांजर निघालं. तरीही सगळे धावले. नंतर ओट्यांवर बसून चहा झाला, आणि भागूबाईवरून विनोद झाले. शिट्टी वाजली की ती टेबलाखाली जाते, वगैरे. ते खरंच होतं. टिल्लीनेच मला सांगितलं होतं. शिट्टी वाजली की मावशी दिवा घालवायच्या, तिला चादरीआड पोत्यांवर बसवायच्या आणि स्वतः मशीनपाशी उभ्या राहायच्या. टिल्लीला तो खेळ वाटायचा.

तिसरी शिट्टी वाजली तेव्हा मी नुकतीच गल्लीच्या तोंडाशी वळत होते. दिवे लागायची वेळ, हातात भाजीची पिशवी. आमची गल्ली लांब आणि पुढे बंद आहे, टोकाला पाण्याची टाकी. शिट्टी टाकीकडून आली, एकदा नाही, पुन्हा पुन्हा, जीव तोडून वाजवल्यासारखी. दोन्ही बाजूंच्या घरांतून माणसं बाहेर पडली. लाटणी, काठ्या, कोणाच्या हातात नुसताच बूट. "चला, चला! अहो, चला ना!" कोणीतरी माझा दंड धरून ओढलं. आणि मी धावले. मावशींच्या घरावरून, माझ्या मुलीवरून पुढे धावले. आत दिवा नव्हता एवढं ओझरतं दिसलं.

टाकीशी कोणी नव्हतं. आम्ही टाकीमागे पाहिलं, वर पाहिलं. दमलेले, घामेजलेले सगळे एकमेकांना विचारत होतो, शिट्टी कोणी वाजवली? तू? नाही बुवा, मला वाटलं तुम्ही. प्रत्येकजण आपल्यामागच्या गल्लीकडे वळून बघायला लागला. दोन्ही बाजूंची दारं सताड उघडी, आतले दिवे चालू, कोणाच्या टीव्हीवर बातम्या चाललेल्या, आणि आत माणूस नाही.

परत धावताना जी ओरड सुरू झाली ती अजून माझ्या कानात आहे. बेकरीवाल्याची बायको दारातच मटकन बसली. कपाट उघडं, कपड्यांचा ढीग जमिनीवर. तिच्या शेजारच्या दोन घरांतही तेच.

मी मावशींच्या दारावर दोन्ही हातांनी धडका देत होते. "मावशी! मावशी, मी आहे! दार उघडा!" आतून काही नाही. दिवा नाही, हालचाल नाही. टिल्लीचे शाळेचे बूट पायरीवर होते, त्यातला एक पायरीवरून खाली पडला होता. मी पुन्हा ओरडले, माझा आवाज मलाच ओळखू येईना. मग आठवलं, आणि मी खिडकीसमोर जाऊन, मोबाइलचा उजेड स्वतःच्या तोंडावर धरून उभी राहिले. केवढा वेळ उभी होते कोण जाणे. मग कडी निघाली.

मावशींचा चेहरा पांढराफटक होता. हातात कापड कापायची मोठी कात्री. त्यांनी मला आत ओढलं, कडी लावली आणि मगच चादर वर केली. टिल्ली पोत्यांवर गुडघ्यांत डोकं घालून बसली होती. रडत नव्हती. मला बघूनही आवाज न करता नुसती चिकटली.

घरी आल्यावर, पांघरुणात शिरल्यावर तिने मला कानात सांगितलं. चादरीच्या फटीतून तिला आरसा दिसत होता. गल्लीतून सगळे पळून गेले. मग बेकरीकाकांच्या घरातून पाहुणेकाका बाहेर आले, खांद्यावर पिशवी होती. ते मावशींच्या दाराशी आले. त्यांनी कडी हलवून बघितली. मग हळू आवाजात म्हणाले, "मावशी, चोर पकडलाय, सगळे तिकडेच आहेत. उघडा, मी तुम्हाला घेऊन जातो." मावशी बोलल्या नाहीत. मग त्यांचा पाय बुटाला लागला. ते खाली वाकले आणि म्हणाले, "अरे, टिल्लीपण आहे वाटतं आत."

"मग?" मी विचारलं.

"मग काही नाही म्हणाले. थोडा वेळ थांबले नुसते. आणि गेले."

ते थांबणं. त्याचा विचार मी अजून करू शकत नाही.

नवरा कामावरून आला, त्याला सांगितलं. मग म्हणाला, "टिल्लीने काही बघितलं नाही. कळलं? कोणालाही बोलायचं नाही. तो रोज तिच्या शाळेच्या गाडीसमोरून जातो." मी वाद घातला नाही. माझ्याही मनात तेच होतं. आमच्या पोरीने त्याला पाहिलंय हे त्याला माहीत आहे की नाही, तेवढाच एक प्रश्न होता माझ्यापुढे. बाकी गल्ली, चोरी, कोणाचे दागिने, मला कशाशीही देणंघेणं उरलं नव्हतं.

सकाळी कामाला दांडी मारून मी मावशींकडे गेले. मशीनवर झाकण तसंच होतं. त्या खुर्चीत बसल्या होत्या, कालच्याच कपड्यांत. मी काही बोलायच्या आतच म्हणाल्या, "तुझी पोर झोपली होती. पोत्यांवर झोप लागली तिला. लक्षात ठेव."

"मावशी, तुम्ही काय करणार?"

"मला काय विचारतेस? माझी कालपासून बोबडी वळलीय." मग म्हणाल्या, "दीर माझ्याशी बोलत असते तर त्यांना विचारलं असतं."

दुपारी पुन्हा बैठक, त्याच दुकानासमोर. खुर्च्या पाहुणेच मांडत होते. मला खुर्ची देताना म्हणाले, "वहिनी, काल टिल्ली घाबरली नाही ना?" मी नुसती मान हलवली. बेकरीवाला ओरडत होता. त्याच्या मागे बाकीचे. कोणीतरी म्हणालं, रेल्वेच्या रुळांपलीकडची वस्ती, हे तिथलेच असणार. तिथला एक भंगार गोळा करणारा गल्लीत येतो, दारं बघून जातो. लगेच दुसऱ्याने दुजोरा दिला. "चौकीत जाऊन काय होणार? आपणच जाऊ तिकडे. त्याला उचलून आणू." भाऊ म्हणाले, "जायचं तर सगळ्यांनी मिळून." काठ्या कालच्याच होत्या. त्या भंगारवाल्याला मी रद्दी देते. त्याचा चेहरा माझ्या डोळ्यांसमोर आला, आणि त्या पार्सलवाल्याचा ओठ. मी तोंड उघडलं तर टिल्लीचं नाव निघालं असतं.

तेवढ्यात मावशी आल्या. पायरीवर थांबल्या नाहीत, आत घोळक्यात आल्या. कोणीतरी म्हणालंच, "अरे, आज सूर्य कुठे उगवला? भागूबाई बाहेर!" त्यांनी खुर्चीची पाठ धरली होती आणि खुर्ची जमिनीवर टकटक वाजत होती, एवढ्या त्या थरथरत होत्या.

"भंगारवाला नव्हता," त्या म्हणाल्या. "मी बघितलं. हे होते." आणि बोट केलं नाही, नुसतं पाहुण्यांकडे बघितलं.

क्षणभर कोणाला कळलंच नाही. मग भाऊ हसले. "मावशी, अंधारात बसून तुम्हाला काय दिसणार?"

"गल्लीत उजेड होता. आरशात दिसलं. बेकरीवाल्यांकडून निघाले. माझ्या दाराशी आले. माझ्याशी बोलले."

पाहुणे अजून हसतच होते. "आणि पोरीनेही बघितलं का? ती होती ना तुमच्याजवळ?" असं म्हणून ते माझ्याकडे वळले. आवाज गोडच होता.

"ती झोपली होती," मावशी पटकन म्हणाल्या. "मी एकटीनेच बघितलं. जे काय ते मला विचारा."

सगळे माझ्याकडे बघत होते. "हो," मी म्हणाले, "झोपली होती. मीच उचलून घरी नेली." आणि मग, का ते माहीत नाही, मी उठून मावशींच्या शेजारी जाऊन उभी राहिले. "पण मावशी खोटं बोलत नाहीत. त्या चौकीत जबाब देणार असतील तर मी त्यांच्याबरोबर जाते."

गणिताचे सर उठले. त्यांनी पाहुण्यांना एकच विचारलं, "आमच्या मागच्या दाराची कडी बघायला तू मागच्या महिन्यात आला होतास. आठवतंय?"

पाहुण्यांचं हसू गेलं. ते दुकानाच्या मागच्या बाजूला सरकले, आणि बेकरीवाल्याने त्यांना धरलं. मग जे व्हायचं तेच सुरू झालं. काठी वर गेली. भाऊंनी दोन्ही हातांत डोकं धरलं. त्यांची बायको, पाहुण्यांची बहीण, आतून धावत आली आणि भावाच्या अंगावर पडली.

"मारू नका!" मावशी किंचाळल्या. एवढा मोठा आवाज त्या बाईच्या अंगात होता हे कोणाला ठाऊक नव्हतं. "एक जरी हात लावलात तर मी काही बघितलेलं नाही! पोलिसांना सांगेन, काही दिसलं नाही, म्हातारीला भास झाला! मग बसा!"

काठी वरच राहिली. मावशींना त्याची दया आली असेल असं मला वाटत नाही. त्या घाबरल्या होत्या, त्याला जेवढ्या तेवढ्याच आम्हालाही. त्यांच्या भीतीला आम्ही वर्षानुवर्षं हसलो, पण त्या घडीला सगळी गल्ली त्या भीतीवर अवलंबून होती. साक्षीदार एकच, आणि ती म्हणत होती, माझी अट ही. बेकरीवाल्याने काठी खाली टाकली. पाहुण्यांना खुर्चीत बसवलं, आणि पोलीस येईपर्यंत सर समोर खुर्ची टाकून बसले. टाकीशी शिट्टी त्यानेच वाजवली आणि टाकीमागच्या बोळातून तो घरांच्या पाठीमागून पुढे आला होता, हे सगळं नंतर चौकीत निघालं. पिशवी भाऊंच्या गोदामात, खिळ्यांच्या पेट्यांमागे सापडली. काकूंचं कानातलंही त्यातच.

असं झालं म्हणजे भीती संपते, असं मला वाटायचं. संपत नाही. तो जामिनावर सुटला. आमच्या गल्लीत राहत नाही, पण शहरातच आहे. त्याच्या बहिणीने मावशींच्या दाराशी बसून रडून सांगितलं की जबाब मागे घ्या, त्याचं आयुष्य बरबाद होईल. मावशींनी दार उघडलं नाही. आत बसून त्याही रडत होत्या, टिल्लीने मला सांगितलं. भाऊ कोणाच्या नळाला आता धावून जात नाहीत. मला त्यांची कीव येते आणि त्यांच्या दुकानावरून जाताना मी वेगाने चालते, दोन्ही खरं आहे.

शिट्ट्यांचा नियम आम्ही मोडला. आता ठरलंय ते साधं आहे. काही झालं तर आधी आपलं दार बंद करायचं, शेजारच्या दोन घरांना फोन करायचा, पोलिसांना फोन करायचा, आणि कोणी कोणाच्या अंगावर हात टाकायचा नाही. ज्यांना हे नामर्दपणाचं वाटतं त्यांना सर म्हणतात, "मग तुम्ही एकटे जा, आम्ही खिडकीतून बघतो." आणखी एक न ठरवता सुरू झालं. मावशींकडे दिवसभर कोणी ना कोणी बसलेलं असतं. सर पेपर घेऊन येतात. काकू दुखरा हात टेबलावर ठेवून बटणं निवडतात. बेकरीवाल्याची बायको काही काम नसताना फाटकी उशी घेऊन येते. मावशी कुरकुरतात, "एवढ्या गर्दीत माझी शिवण वाकडी जाते," पण कोणाला उठवत नाहीत. फक्त आत घेताना प्रत्येकाला अजून खिडकीसमोर उभं करतात.

उद्या कोर्टाची तारीख आहे. त्याच्यासमोर उभं राहून मावशींना सांगायचं आहे. सरकारी वकील म्हणाले, समोरचे वकील मुलीबद्दल विचारतील. मावशी म्हणाल्या, "विचारू देत. झोपली होती." मी त्यांच्याबरोबर जाणार आहे. टिल्लीला तिथे न्यायचा प्रश्नच नाही, तो तिथे असेल. मग ठेवायची कुठे? आठवडाभर मी याच विचारात आहे. चार घरांनी सांगितलं, आमच्याकडे ठेवा. सगळी चांगली माणसं आहेत. पण पाहुणेही चांगलेच होते, आणि मी आता प्रत्येक चांगल्या माणसाकडे दारावर आलेल्या अनोळखी माणसाकडे बघावं तसं बघते. डोळे मिटून पोर ठेवावी असं गल्लीत एकच घर आहे, आणि उद्या त्याला कुलूप असणार.

शेवटी काकूंकडे ठेवायचं ठरवलं. टिल्लीने विचारलं, "तिथे पण मी झोपलेलीच असते का?" मी तिला जवळ घेतलं.

संध्याकाळी मावशींना विचारलं, "उद्या ऐन वेळी भीती वाटली तर?"

"वाटली तर काय? वाटणारच. तू सकाळी लवकर तयार राहा. चालत जाऊ."

"चालत? मावशी, कोर्ट शहराच्या दुसऱ्या टोकाला आहे. मी गाडी बोलावते."

"अनोळखी ड्रायव्हरच्या गाडीत? मी नाही बसायची," मावशी म्हणाल्या आणि मशीनवर झाकण घातलं. "पायांत बूट घाल. चपलेने तुझी टाच सोलेल."

मी माझे बूट कपाटातून काढून दाराशी ठेवलेत.